शिट्टीचे सामर्थ्य

१९०५ साली आल्फ्रेड ब्युखी नामक स्विस अभियंत्याने, इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंवर चक्र फिरवून तेच बळ आत अधिक हवा कोंबण्यास लावावे, अशी कल्पना पेटंटात नोंदविली. परंतु हवेबरोबर इंधनही वाढवावे लागते, ही क्षुद्र अट त्या बिचाऱ्यास ओलांडता आली नाही. ती आमच्या महामार्गावरील धुरंधरांनी सायलेन्सरच्या मुखी त्या चक्राच्या शिळेची नक्कल करणारी एक शिट्टी बसवून लीलया ओलांडली असून, जितकी शीळ कर्कश तितकी अश्वशक्ती अधिक, हा सिद्धांत रात्रीच्या शर्यतींत निर्विवाद प्रस्थापित केला आहे. या न्यायाने चौकातील हवालदाराइतका वेगवान इसम मुलखात दुसरा नसावा. आणि खरोखरच, परवाच्या शर्यतीत सर्व स्पर्धकांना पायीच गाठून त्यांचे परवाने दप्तरी जमा करणारा तोच होता.