नारंगातला न कोणी खाल्ला?

युरोपाने नारंग सोललं तेव्हा सालीबरोबर एक अक्षरही टाकून दिलं. संस्कृतातलं 'नारंग' फारसीतून अरबीत 'नारंज' झालं, अरबांबरोबर स्पेनला गेलं आणि तिथे 'नारांखा' झालं. इथवर न शाबूत. हंगेरियनांनी तर तो आजतागायत सांभाळलाय. ते 'नारांच' म्हणतात. घोळ झाला इटलीत. 'उना नारांचा' म्हणता म्हणता लोक 'उन आरांचा' म्हणू लागले आणि 'एक' या शब्दाने शेजाऱ्याचा न गट्ट केला. फ्रेंचांना त्यात सोन्याचा 'ऑर' ऐकू आला, म्हणून त्यांचं 'ऑरांज'. आळ मात्र येतो इंग्रजांवर. त्यांच्या हाती शब्द पडला तोच न गमावून. इंग्रजांनी जगात बरंच काही खाल्लं. हा न तेवढा खाल्ला नाही.

हे सगळं कडू नारंगाचं. गोड फळ पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी पुढे सोळाव्या शतकात युरोपभर विकलं, तेव्हा ग्रीकांनी त्याला 'पोर्तोकाली' म्हटलं, तुर्कांनी 'पोर्ताकाल'. थोडक्यात, दुकानदाराचंच नाव मालाला. खुद्द दुकानदार मात्र घरी त्याला 'लारांजा' म्हणतो! उत्तरेकडच्यांनी वेगळाच पत्ता लिहिला. डच 'सिनासआपल', रशियन 'आपेल्सिन', म्हणजे चीनचं सफरचंद. त्यातही डचांची कमाल बघा. त्यांचं राजघराणं 'ओरान्ये', फुटबॉलचा संघ नारिंगी, आणि खायचं ते चिनी सफरचंद. त्या घराण्याचं नाव दक्षिण फ्रान्समधल्या ज्या गावावरून पडलं, त्याचाही फळाशी मुळात संबंध नाही. ते होतं 'अराउझिओ'. उच्चार झिजत झिजत नारंगाजवळ येऊन ठेपला.

आपण तरी कुठे वेगळे? 'नारंग' घरचं म्हणावं, तर अभ्यासक त्याचं मूळ द्राविड भाषांत दाखवतात. बरं, तेही बाजूला ठेवून आपण म्हणतो 'संत्रं', आणि कोशकार बोट दाखवतात पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाकडे. मोसंबी तर सरळ मोझांबिकची.

नागपूरचं संत्रं वनस्पतिशास्त्रात 'मँडरिन' जातीचं. मँडरिन म्हणजे चिनी बादशहाचा अधिकारी. हा शब्द पोर्तुगीजांनी मलाय भाषेतल्या 'मंतेरी'वरून घेतला, आणि 'मंतेरी' म्हणजे आपला संस्कृत 'मंत्री'. तेव्हा डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आणि आंबिया बहाराची संत्री एकदमच आली की नागपुरात जिकडेतिकडे मंत्रीच मंत्री. त्यातले सहज सोलता येणारे कळमन्याच्या बाजारात मिळतात.