हा ड्रोन कुणाचा?

मुंबईत ड्रोन उडवणं अवघड. म्हणून तो डहाणूत उडतो.

मुंबईचं आकाश आधीच वाटून घेतलेलं आहे. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची धावपट्टी, कुलाब्याला नौदल, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरपर्यंत पिवळं क्षेत्र. तिथं हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय ड्रोन जमिनीवरून उचलायचाही नाही. त्यावर पोलिसांचे मनाई आदेश. पूर्वी ते कलम 144 खाली निघत, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. कलम बदललं, मनाई तीच.

2014 च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका उपाहारगृहानं ड्रोननं पिझ्झा पोचवल्याची चित्रफीत देशभर फिरली. पोलिसांनी चौकशी सुरू केली. ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं देशभरातला नागरी ड्रोनच जमिनीवर उतरवला.

बंदीनं हौस मरते का? ती गाडी पकडते.

2013 पासून लोकल विरारच्या पुढं डहाणू रोडपर्यंत येते. चर्चगेटपासून 124 किलोमीटर. पाठीवर पिशवी, पिशवीत ड्रोन. पारनाक्याचा किनारा, बोर्डीचं सुरूचं बन, घोलवडच्या चिकूच्या वाड्या, तलासरीच्या टोकाची झाई. जवळपास मोठा विमानतळ नाही. दृश्य असं की कॅमेरा कुठंही वळवा, चित्र होतं.

आणि त्या चित्रात माणसं राहतात.

नियम काय म्हणतात? 25 ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम सुटसुटीत आहेत, हे मान्य. आधीच्या कागदांच्या जंगलातून त्यांनी ड्रोनवाल्यांना सोडवलं. 250 ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’, दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनो असेल किंवा मायक्रो निव्वळ हौसेसाठी असेल, तर चालकाला प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत कुणाची परवानगी नको. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, एवढी अपेक्षा. जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये.

प्रमाणपत्र नको म्हणजे नियमच नको, असा अर्थ मात्र अनेकांनी लावून घेतला आहे. मनाईचं लाल क्षेत्र 249 ग्रॅमलाही लालच असतं. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र इथून फार लांब नाही, 1969 पासून चालू आहे. त्याच्या आसपास ‘फक्त दोन मिनिटं’ उडवून बघणाऱ्याला दोन मिनिटांत सोडून देणार नाहीत.

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यांनीही नीट ऐकावं. पैसे घेतले की हौस संपली. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालकाला प्रमाणपत्र हवंच. शिवाय परदेशी तयार ड्रोनच्या आयातीला 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. सूट फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेला. मग मांडवावर घिरट्या घालणारा नवाकोरा परदेशी ड्रोन कुठल्या वाटेनं आला? वऱ्हाडी मंडळी विचारत नाहीत. पोलिसांनी विचारावं.

पण खरी गोम पुढं आहे.

नियम ड्रोनचं वजन विचारतात. उंची विचारतात. विमानतळ किती लांब, ते विचारतात. खाली कोण राहतं, ते विचारत नाहीत.

विसाव्या मजल्यावर पडदा ओढता येतो. कुडाच्या घरामागच्या न्हाणीला चार मेढी असतात, झावळ्यांचा नाहीतर जुन्या लुगड्याचा आडोसा असतो आणि वर आकाश. आडोसा बाजूंनीच बांधला, कारण माणूस बाजूनंच येतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. नदीवर धुणं, विहिरीवर अंघोळ, खळ्यात झोप. इथलं अर्धं घर उघड्यावर असतं. तुम्ही ‘निसर्ग’ टिपत असता, तेव्हा कुणाचं तरी घर टिपत असता.

सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला 24 ऑगस्ट 2017 रोजी. ड्रोन नियम आले चार वर्षं आणि एका दिवसानं. 2018 च्या नियमावलीत खासगीपणा जपण्याची जबाबदारी चालकावर स्पष्ट टाकलेली होती. 2021 मध्ये नियम सुटसुटीत करताना ती सुटली. वैयक्तिक विदा संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे, पण माणूस वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी जे गोळा करतो त्याला तो लागू नाही. हौस म्हणजे वैयक्तिकच की!

बाईच्या खासगी क्षणावर नजर ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. जरूर आहे. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची? 300 फुटांवरच्या ठिपक्याविरुद्ध? रिक्षाचा नंबर मागून वाचता येतो. ड्रोनला नोंदणी क्रमांक असतो, तो खालून कुणाला दिसतो?

आता या दोन तालुक्यांकडं या.

डहाणू-तलासरीला वरून पाहणाऱ्यांचा अनुभव जुना आहे. कुणी वरून पाहिलं की काही दिवसांनी खाली खुंट रोवला जातो. बुलेट ट्रेनचा मार्ग इथून. मालगाड्यांची स्वतंत्र लाइन इथून. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग इथून. वाढवण बंदर तर डहाणू तालुक्यातच: 76,220 कोटींच्या प्रकल्पाला केंद्रानं 19 जून 2024 रोजी मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. हाच तालुका जून 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 1996 मध्ये इथं खास पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. मोजणीला विरोध करत किनाऱ्यावरची गावं वर्षानुवर्षं उभी राहिली आहेत.

अशा गावावर अचानक घोंगावणारं यंत्र आलं तर गावकरी काय समजणार? रील?

तो आपली जमीन मोजली जातेय असंच समजणार. आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर वेगळं समजला असता का?

भीतीचा दुसरा पदर याहून गडद आहे. 16 एप्रिल 2020. टाळेबंदी. डहाणू तालुक्यातलं, दादरा-नगर हवेलीच्या सीमेवरचं गडचिंचले. चोर फिरताहेत, मुलं पळवणारे फिरताहेत, अशी अफवा आसपासच्या पाड्यांत कित्येक दिवस फिरत होती. रात्र-रात्र पहारे चालले होते. त्या रात्री सुरतेकडं निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावानं पोलिसांसमोर ठार मारले. शंभराहून अधिक जणांना अटक झाली.

त्या घटनेवर राजकारण खूप झालं. अफवा येते कशी, पसरते कशी, तिला वेळेत उत्तर कोण देतं, यावर किती काम झालं?

कारण अफवेनं मधल्या काळात पंख लावले. 2024 च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्हा आणि मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोननं गावंच्या गावं जागी ठेवली. चोर वरून घरं हेरतात, अशी बोलवा. तरुण काठ्या घेऊन गस्तीला. विषय थेट विधिमंडळात गेला. 2025 मध्ये उत्तर प्रदेशात हीच आवई उठली आणि रायबरेली जिल्ह्यात एका दलित माणसाला ड्रोनवाला चोर समजून जमावानं जिवे मारलं. त्याच्याकडं ड्रोन नव्हता. मारायला ड्रोन लागतच नाही. ड्रोनची भीती पुरते.

गडचिंचले पाहिलेल्या तालुक्यात रात्री साडेनऊला ‘नाइट शॉट’ घ्यायची हौस कुणाला असेल, तर त्यानं आधी एवढं समजून घ्यावं: भीतीचं मोल तो मोजणार नाही. तो सकाळच्या गाडीनं परत जाईल. दुसऱ्या रात्री त्याच वाटेनं जाणारा फेरीवाला, वीज मंडळाचा माणूस, मोटारसायकल बंद पडलेला शिक्षक यांच्यातला कुणीतरी मोजेल.

मग ड्रोन नकोच का? कोण म्हणतं?

याच पालघर जिल्ह्यात डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झापला ड्रोननं कोविड लशीचे 300 डोस गेले. अंतर सुमारे 20 किलोमीटर. रस्त्यानं 40 मिनिटं लागतात, ड्रोनला नऊ-साडेनऊ लागली. झापच्या आरोग्य केंद्रात माणसं त्याची वाट पाहत उभी होती. घाटवळणांच्या, पावसाळ्यात तुटणाऱ्या रस्त्यांच्या मुलखात यासारखं यंत्र नाही. साप चावलेल्या माणसासाठी औषध घेऊन येणारा ड्रोन मला रोज दिसला तरी चालेल.

फरक यंत्रात नाही. फरक माहीत असण्यात आहे.

गडचिंचलेनंतर बरोबर आठ दिवसांनी, 24 एप्रिल 2020 रोजी, केंद्रानं स्वामित्व योजना जाहीर केली: ड्रोननं गावठाणाची मोजणी. महाराष्ट्रात तिची रंगीत तालीम पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला आधीच झालेली होती. या योजनेत ड्रोन उडण्याआधी काय होतं? ग्रामसभा होते. लोकांना सांगितलं जातं. घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, ज्याची त्याला दाखवून. मग यंत्र वर जातं.

सरकारी ड्रोन गावाला विचारून उडतो आणि हौशी ड्रोन न विचारता? हे उलटं कुणी ठरवलं?

कुणीच नाही. नियम लिहिताना पाडा डोळ्यासमोर नव्हता, इतकंच. नकाशात विमानतळ आहे, तुरुंग आहे, लष्करी तळ आहे. सारणी, उधवा, झरी ही नावं हिरव्या रंगाखाली गेली.

एक गोष्ट तर डोळ्यांसमोर घडते. ड्रोन काही फक्त पाहुण्यांकडं नाही. कासा-तलासरीच्या पोरांकडंही आहे. ती पोरं तारप्याचा नाच टिपतात, भाताची खाचरं टिपतात. त्यांच्या ड्रोनमागं लहान मुलं धावतात, म्हातारी माणसं हसून हात हलवतात. यंत्र तेच. पण पोरगा कुणाचा, हे पाड्याला ठाऊक असतं.

म्हणजे उपाय अवघड नाही. फार खर्चिक तर अजिबात नाही.

डहाणू आणि तलासरी दोन्ही अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथं ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. ग्रामसभेनं ठराव करावा: आमच्या हद्दीत ड्रोन उडवण्याआधी पोलीस पाटलांना एक फोन. नाव, वेळ, जागा. परवानगी मागू नका हवं तर, कळवा. पोलीस पाटील पाड्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतील. ज्या गटांवर अफवा चालतात त्याच गटांवर खरी बातमी आधी पोचेल. आकाश दिल्लीच्या अखत्यारीत आहे, असा कायद्याचा कीस कुणी काढेल. काढू द्या. फोन करायला कुठल्या कायद्यानं मना केलंय?

दुसरं, चालकानं उघड्यावर उभं राहावं. सुरूच्या बनात, गाडीच्या काचेआड बसून नव्हे. ड्रोन ज्याच्या हातात आहे तो दिसला की निम्मी भीती तिथंच उतरते. मुलं जमली तर पडदा त्यांना दाखवावा. घराचं, अंगणाचं, पाणवठ्याचं चित्रण आलं असेल तर तिथंच पुसावं. कुणी विचारण्याआधी.

महालक्ष्मीच्या यात्रेचं वेगळं बघायला हवं. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला 15 दिवस लाखांनी माणूस लोटतो. त्या गर्दीवर बॅटरी संपत आलेला दोन किलोचा ड्रोन, ही कल्पनाच नको. पोलीस अधीक्षकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करता येतं, पण एका वेळी फक्त 96 तासांसाठी. चार दिवस. मग यात्रेत चार वेळा आदेश काढा! कागद संपतील म्हणून कुणी डोकं फोडून घ्यावं का?

आणि सूर्यास्तानंतर अजिबात नाही. 2018 च्या नियमावलीत दिवसाउजेडीच उडवण्याची अट होती. या दोन तालुक्यांत ती पुन्हा यावी. जिल्हाधिकाऱ्यांना कलम 163 खाली आदेश काढता येतो, एका वेळी दोन महिन्यांचा. मुंबईला तो संपण्याआधी नवा मिळतो. पालघरला का मिळू नये? पोलीस, रुग्णवाहिका, आपत्ती यांना त्यातून सूट द्या, बाकी सगळ्यांना अंधार पडला की बंद. पर्यटकांचा हंगाम सुरू होण्याआधी, मराठीत, डहाणू रोड स्थानकाच्या फलाटावर लावून.