बॉण्डची उचल

तेलगावात गुप्तहेर टिकणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. बीड, परळी, माजलगाव आणि धारूरचे रस्ते ज्या चौकात येऊन भेटतात, तिथं एसटीतून उतरलेल्या परक्या माणसाचं गाव, पावणे-रावळे आणि येण्याचं कारण चहा गाळून होईपर्यंत काढून घेतलं जातं. जेम्स बॉण्डच्या बाजूनं एकच गोष्ट आहे : मतदारयादीसारखं तो आडनाव आधी सांगतो. पण त्यावर लगेच येणार, “बॉण्ड म्हंजी कोणते बॉण्ड? खालच्या आळीचे का?” इथं त्याचा पिक्चर संपला.

अशा या गावात हेरांचा पुढचा सिनेमा कोणी काढावा यावरून २०२५च्या दसऱ्याआधी जे रण पेटलं, त्याचा मी साक्षीदार आहे. ‘वॉर २’ ऑगस्टमध्ये येऊन गेला होता. चौकातल्या हाटेलात बहुतेकांनी तो मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांत आणि फुकट पाहिला होता. त्यामुळे मतं फार कडक होती. एका पोराचं म्हणणं, अयान मुखर्जीला हे काम झेपत नाही, ‘वॉर’ आणि ‘पठाण’ करणाऱ्या सिद्धार्थ आनंदलाच परत बोलवा. दुसऱ्याला कबीर खान पाहिजे होता. त्यानं हिशेबच मांडला : ‘एक था टायगर’ २०१२चा, कबीर खानचा, २०१७चा दुसरा अली अब्बास जफरचा आणि २०२३चा तिसरा मनीष शर्माचा.

कोपऱ्यात मुकादम बप्पा उचलीची वही उघडून बसले होते. गळीत हंगाम तोंडावर, ऊसतोडीच्या टोळ्या बांधायचे दिवस : नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागं आगाऊ उचल. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “दर हंगामाला मुकादम बदलला तर टोळी ऐकंल का रे?”

सगळे गप्प. डायरेक्टर म्हणजे मुकादम, हे एकदा कळल्यावर चर्चेला शिस्त आली.

शाळेतले सर मात्र बहिर्जी नाईकांवर अडून बसले. २०१९च्या ‘फत्तेशिकस्त’मध्ये दिग्पाल लांजेकरांनी बहिर्जी दाखवले आहेत, तेव्हा हेरपट त्यांच्याकडंच द्या. “बहिर्जींची सगळी कला कुणाच्या नजरेत न भरण्यात होती,” सर म्हणाले, “आणि तुमचा हेर पंख्याच्या वाऱ्यावर केस उडवीत विमानातून उतरतो. त्याला तर आपला पोलीस पाटीलसुद्धा धरील.” मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच कुणी मनावर घेतला नाही.

रिक्षावाल्या दादाचं मत जुन्या काळात अडकलेलं. त्याला जॉन ग्लेन हवा होता, कारण १९८३च्या ‘ऑक्टोपसी’त त्यानं बॉण्डला उदयपुरात ऑटोरिक्षात बसवलं होतं. रिक्षा चालवायला टेनिसपटू विजय अमृतराज! याच ग्लेननं १९८१ ते १९८९ सलग पाच बॉण्डपट केले हे मी सांगितलं, तशी बप्पांनी पहिल्यांदा मान हलवली. पाच हंगाम एकच मुकादम. माणूस विश्वासाचा असणार.

माझं स्वतःचं मत महेश कोठारे यांना होतं आणि अजूनही आहे. हेरपट खलनायकावर चालतो, आणि कवट्या महाकाळ व तात्या विंचू ज्याच्या खात्यावर जमा आहेत, त्याला हॉलिवूडनं अजून विचारलं नाही हा त्यांचा प्रश्न.

एवढ्यात पुण्याला कॉलेजात असलेल्या एका पोरानं बातमी फोडली, की बॉण्डचं तर कधीच ठरलंय. जूनमध्येच डेनी व्हिलनव्ह यांचं नाव जाहीर झालं. ‘ड्यून’वाले.

“त्यात काय हाय?” बप्पा.

“नुसती वाळू, बप्पा. जिकडं बघावं तिकडं वाळू.”

बप्पांनी पेन खाली ठेवला. “कोण्या घाटाची?”

पोरानं चिकाटीनं पुढचं सांगितलं. पंचविसाव्या बॉण्डपटासाठी आधी डॅनी बॉयल ठरला होता, पण २०१८मध्ये तो मधूनच निघून गेला आणि काम कॅरी फुकुनागाकडं गेलं.

“उचल परत केली का बुडवली?”

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बप्पांच्या मते बातमीत तेवढंच महत्त्वाचं होतं आणि पेपरवाल्यांनी नेमकं तेवढंच गाळलं.

मग मालकी निघाली. ॲमेझॉननं एमजीएम ही कंपनी सुमारे साडेआठ अब्ज डॉलरना घेतली, तरी बॉण्ड कसा असावा हे ब्रोकोली घराणंच ठरवत होतं. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांनी तोही अधिकार सोडला. ज्या गावाला साखर कारखाना लागून आहे त्याला एवढं पुरे असतं. “म्हंजी कारखाना दुसऱ्यानं चालवायला घेतला,” बप्पा म्हणाले. “मग मुकादमावरून कशाला भांडायलेत? चेअरमन म्हणंल तसाच ऊस तुटणार.” अर्धा तास चाललेली जागतिक सिनेमाची समीक्षा एका वाक्यात गव्हाणीत गेली. सिद्धार्थ आनंदवाला पोरगा तर बिल न देताच उठला.

“आन् हिरो कोण हाय?” बप्पांनी विचारलं.

“अजून ठरला नाही.”

“टोळीत माणूस न्हाई आन् मुकादम आधी?” बप्पा हसले, पण त्यांच्यातला धंदेवाईक जागा झाला होता. वहीचं कोरं पान काढत त्यांनी विचारलं, “ह्या बॉण्डाचं लगीन झालंय का?”

“१९६९च्या पिक्चरात झालं होतं. बायकोला त्याच दिवशी गोळ्या घातल्या.”

“पुन्हा केलं न्हाई?”

“नाही.”

बप्पांनी जरा विचार केला आणि वहीत लिहून घेतलं. “मंग अर्धा कोयता. उचल बी अर्धीच.”