डिशवॉशरचं पोट भरलंय म्हणे!

नेपरव्हिल, इलिनॉय

ती. आई-बाबांस,


परवा फोनवर मागून जो आरडाओरडा ऐकू आला, ते भांडण नव्हतं. तुमचे जावई सिंकखाली शिरून पाण्याची नळी सोडवत होते आणि मी बादली धरून उभी होते. डिशवॉशरमध्ये पाणीच भरेना.

आई, "चार भांडी हाताने घासायला काय होतं?" हे तू विचारणारच. अगं, इथला स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला आठेक लिटर पाणी ओततो. डिशवॉशर अख्ख्या जेवणाची भांडी १२-१३ लिटरांत उरकतो. तुझ्यासारखाच काटकसरी आहे तो.

तर बटण दाबलं की घरघर, तळाचं उरलंसुरलं पाणी बाहेर फेकणं, सगळं रीतसर. मग आत पाण्याचा सळसळाट व्हायला हवा, तिथे शुकशुकाट. दुरुस्तीवाला नुसता दारात यायचे किती घेतो ते ऐकलं आणि आम्ही ठरवलं, घरीच बघू. जावई इंजिनिअर खरे, पण सॉफ्टवेअरचे. त्यांनी यंत्र बंद करून परत चालू केलं आणि हात झटकले.

मग बाबा, तुमची नळखात्यातली रीत आठवली: पाणी येतं तिथून निघायचं. आधी विजेचा खटका पाडला. सिंकखालची चावी पूर्ण उघडी होती. नळी कुठे दुमडलेली नव्हती. चावी बंद करून नळीचं यंत्राकडचं टोक सोडलं, बादलीत धरलं आणि चावी उघडली. धार अशी आली की जावयांची त्या दिवशीची आंघोळ वाचली. म्हणजे पाणी दारापर्यंत येत होतं. आत घ्यायचं की नाही, हे यंत्रच ठरवत होतं. विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात वाळू साठते म्हणतात. आमची स्वच्छ. दाराचा खटकाही नीट बसत होता.

राहिला तरंगता गोळा. आत तळाशी कोपऱ्यात प्लॅस्टिकची छत्रीसारखी टोपी असते. पाणी वाढलं की ती वर उचलली जाते आणि पाणी बंद होतं, घरात पूर येऊ नये म्हणून. आमची टोपी कोरड्या यंत्रातही वरच! पंगतीत पोट भरलेला माणूस पानावर आडवा हात धरतो ना, तसा आमचा डिशवॉशर उपाशीपोटी हात धरून बसला होता. टोपीखाली अडकला होता एक चिंचोका. पाकिटावर मात्र 'बिया काढलेली चिंच' असं ठळक छापलंय! चिमट्याने काढला, आणि पाणी सुरू.

बाबा, शिकागो म्हटलं की तुम्हाला १८९३ आणि विवेकानंदच आठवतात. त्याच वर्षीच्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनात जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंचं भांडी धुण्याचं यंत्र मांडलेलं होतं. बाई आमच्याच इलिनॉयच्या, पेटंट १८८६चं. नोकर भांड्यांचे टवके उडवतात म्हणून वैतागून बाईंनी हा उद्योग मांडला म्हणे. आई, तुझं आणि त्यांचं छान जमलं असतं.

जावई आता मराठी मंडळात सगळ्यांना दुरुस्तीचे सल्ले देत फिरतात.

तुमची,
सुमा

ता. क. — येताना चिंच आणलीस तर स्वतः निवडून आण. पाकिटावर विश्वास ठेवू नकोस.