नवस, नाश्त्यासह

बव्हेरियातील ओबरआमरगाउ गावाने १६३३ च्या प्लेगमध्ये नवस बोलला: साथ हटली, तर दर दहा वर्षांनी ख्रिस्ताच्या यातनांचे नाटक करू. पहिला प्रयोग १६३४ मध्ये झाला. गावातल्या जुन्या, चित्रांनी मढलेल्या अतिथिगृहांनी भक्तीला शिस्त लावली आहे. तिकीट आणि खोली पुष्कळदा एकत्रच विकली जातात. यातना सुमारे पाच तास, मध्ये जेवणाची सुट्टी. ख्रिस्ताच्या जन्मावेळी बेथलेहेमच्या धर्मशाळेत मेरी-जोसेफला जागा का मिळाली नाही, याचा उलगडा इथे होतो: आगाऊ नोंदणी नव्हती. ख्रिस्ताचे शेवटचे भोजनही भाड्यात धरावे, एवढीच सुधारणा उरली आहे. २०२० चे नाटक मात्र साथीमुळेच २०२२ पर्यंत लांबले. नवस प्लेगचा होता. कोरोना त्यात समाविष्ट नव्हता.