डिक्कीतलं इंधन

अवकाशयानाला इंधन किती लागतं? १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या खेळात याचं उत्तर ठरलेलं आहे. ताऱ्यांमधलं अंतर पारसेकमध्ये मोजतात. एका पारसेकच्या उडीला यानाच्या आकारमानाचा दहावा हिस्सा, दोन पारसेकला पाचवा. इंधन म्हणजे द्रव हायड्रोजन, आणि इंजिन फ्यूजनचं, म्हणजे अणूंची केंद्रकं जुळवून ऊर्जा काढणारं. सीएनजी बसवलेल्या गाडीची डिक्की ज्यांनी उघडून पाहिली आहे, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. सिलिंडर ऐसपैस झोपलेला आणि गावाला न्यायची बॅग आपल्या मांडीवर. हायड्रोजन असतोच तसा जागाखाऊ. उणे २५३ अंशांपर्यंत गारठवला तरी घनमीटरमध्ये जेमतेम ७१ किलो मावतो.

हा खेळ घाटकोपरला, पंतनगरात, माझ्या बहिणीकडे जेवणाच्या टेबलावर चालतो. भाचा रेफरी. फासे टाकायचे, आपापलं पात्र वठवायचं आणि ताऱ्याताऱ्यांवर माल विकत हिंडायचं. मला इंजिनीयर केलंय. जन्म बँकेत गेला, त्यामुळे मी आधी हिशोब मांडला. आमचं शंभर टनी यान दोन पारसेकला वीस टन हायड्रोजन पितं. तेवढ्या हायड्रोजनचं हेलियम झालं, तर भारतात वर्षभरात तयार होणाऱ्या विजेपेक्षा जास्त ऊर्जा निघते. ती सगळी जाते कुठे?

“मामा, खेळ ना आता!”

मला वाटतं, हे इंधन इंजिनासाठी नाहीच, गोष्टीसाठी आहे. टाकी रिकामी झाल्याशिवाय यान भलत्या ठिकाणी थांबणार कसं, आणि थांबलंच नाही तर भानगडी कुठून होणार? म्हणून तर खेळात गुरूसारख्या वायुग्रहात बुडी मारून फुकट हायड्रोजन भरायची सोय आहे. पण ते इंधन अशुद्ध, उडी चुकायचा धोका. कंजूष कप्तानांची फजिती बघायला ही तरतूद फार उपयोगी.

भाच्याला मात्र सगळं ‘रिअलिस्टिक’ हवं. साधा हायड्रोजन सूर्याला परवडतो, त्याला घाई नाही. माणसाने ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घ्यावं. ते लांब नाही. साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक, या हिशोबाने बहिणीच्या माठातही आहे. लिटरभर पाण्यातलं ड्यूटेरियम पुरतं जाळता आलं तर तीनेकशे लिटर पेट्रोलचं काम करेल. ड्यूटेरियम ज्यात ठासून भरलेलं असतं त्या जड पाण्याचा देशभरचा कारभार पाहणारं मंडळ तर इथून जवळच, अणुशक्तीनगरात. एक कारखाना पलीकडे अलिबागजवळ थळला. तरी माठाखाली कुणाला इंजिन लावता आलेलं नाही. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी सांगितलं होतं, की दोन दशकांत फ्यूजन काबूत आणायची रीत सापडेल. भाभा मोठे आशावादी होते. ती मुदत उलटून गेली तेव्हा मी कॉलेजात होतो.

ड्यूटेरियमबरोबर त्याचाच आणखी जड भाऊ ट्रिटियम घेतला तर पेटायला त्यातल्या त्यात सोपं. पण ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं उरतं, आणि चार पंचमांश ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन सुटतात. खलाशांनी जाड भिंतीआड बसायचं. मग ट्रिटियमऐवजी हेलियम-३ बरं, न्यूट्रॉन कमी. १९७०च्या दशकात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने ‘डीडॅलस’ यानाचा आराखडा केला, त्यात पन्नास हजार टन इंधन होतं. त्यातलं हेलियम-३ गुरूच्या वातावरणात फुग्यांवर कारखाने तरंगत ठेवून वीस वर्षं गोळा करायचं.

“वीस वर्षांत आपल्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंटही होईल,” मेहुणे पेपरातून म्हणाले.

शेवटचा पर्याय बोरॉन. साध्या हायड्रोजनचं केंद्रक त्यावर आदळलं की हेलियमची तीन केंद्रकं निघतात, न्यूट्रॉन जवळजवळ नाहीत. तापमान मात्र सूर्याच्या गाभ्याच्या शंभरपटीहून जास्त हवं. ती रेफरीची अडचण, माझी नव्हे. मी विचारलं, बोरॉन मिळतं कुठे?

मेहुणे उठले, कपाटातून कॅरमच्या बोरिक पावडरचा डबा काढून टेबलावर ठेवला. भाच्याने लगेच टनाला पाचशे क्रेडिट भाव लावला. मी घासाघीस करून चारशेवर आणला, फासे उचलले.

“भरा टाकी,” मेहुणे म्हणाले, “पण सातला खाली डबल्स आहे, डबा त्याआधी परत हवा.”