डहाणू, फलटण, आडवी रेघ, हिंगोली

प्रस्तुत मार्गदर्शिका घरच्या संगणकावर लिनक्स वापरणाऱ्यांना फुकट सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आहे. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला निदान तक्रारीची भीती असते. फुकट देणाऱ्याला कसलीच नसते, म्हणून आचारसंहिता त्याच्यासाठी हवी. ती कोणा एका व्यक्तीला समोर ठेवून लिहिलेली नाही. माझ्या एका जिवलग मित्राला तसं वाटलंच, तर त्याने ते खुशाल मनाला लावून घ्यावं. त्याच्या लॅपटॉपवर पेंग्विनचे इतके स्टिकर आहेत की झाकणाचा मूळ रंग आता फक्त खरेदीच्या बिलावर सापडेल.

नियम पहिला : प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घ्यावा.

वाचायला सोपा आहे. आमच्या सोसायटीचे सचिव, तळमजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुन्या लॅपटॉपवर उबुंटू वापरतात. एकदा जिन्यात आम्हाला गाठून ते म्हणाले, "अरे, कालपासून आवाज येत नाहीये. म्हणजे गाणी लावली की…"

"व्हर्जन कुठलं?" मित्राने विचारलं.

"कशाचं?"

"काका, तुम्ही फेडोरा टाका. खरं तर आर्चच."

"पण हे तूच टाकून दिलंस ना रे?"

"ते तेव्हा."

नळाचा वॉशर गेला म्हणून फ्लॅट बदलायला सांगणाऱ्या प्लंबरला आपण दुसऱ्यांदा बोलावत नाही. लिनक्सच्या सल्लागाराला मात्र बोलवावंच लागतं, कारण पंचक्रोशीत तो एकटाच असतो आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आवाजाचं म्हणाल, तर तो बहुधा गेलेला नसतो, भलतीकडे गेलेला असतो. लॅपटॉपला कधीतरी टीव्हीची एचडीएमआय तार लावलेली असते आणि आवाज अजून त्याच दारात उभा असतो. सेटिंग्जमध्ये साउंडखाली आउटपुट कोणतं निवडलंय ते आधी बघावं. तिथे सगळं ठीक असेल तर टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ लिहावं, एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडावं, आणि ज्या पट्टीखाली दोन ‘एम’ दिसतील तिच्यावर जाऊन एम दाबावं. दोन एम म्हणजे म्यूट. पट्टी शंभरावर असली तरी खाली दोन एम असतील तर घरात शांतता. यातल्या कशालाही फेडोरा लागत नाही.

नियम दुसरा : "मी काहीच केलं नव्हतं" हे वाक्य आदराने ऐकावे आणि लॉग उघडावा.

संगणक बिघडलेल्या माणसाने कधीच काही केलेलं नसतं. तो फक्त समोर बसलेला असतो. इथे वाद घालू नये. उबुंटू, मिंट, डेबियन या घराण्यात ‘व्हार’मध्ये ‘लॉग’, त्यात ‘एपीटी’ नावाचं फोल्डर आणि त्यात हिस्टरीची एक साधी फाइल असते. कधी काय बसवलं, काय काढलं, कोणत्या आज्ञेने, कोणाच्या खात्यातून, सगळं तारीखवार. काकांचा डेस्कटॉप एका सोमवारी सकाळी उगवलाच नाही, नुसतंच काळ्यावर पांढरं. काकांनी अर्थातच काही केलं नव्हतं. फाइलीत मात्र रविवारी दुपारी ‘पायथन’ काढल्याची नोंद होती. रविवारी नातू आला होता, आणि जुना पायथन काढून नवा टाकायचा हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. उबुंटूचा निम्मा डोलारा त्याच पायथनवर उभा असतो. एक विटकर ओढली आणि अख्खा डेस्कटॉप बरोबर गेला. विनंती करणारा म्हणून नोंद काकांच्याच नावाची.

अशा वेळी "पडद्यावर लिहिलेलं वाचत का नाही तुम्ही?" असं ओरडायचा मोह होतो. तो आवरावा. २०२१ साली लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या नामवंत यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतलं. ‘तुम्ही काहीतरी घातक करताय, खरंच करायचं असेल तर होय, मी सांगतो तसं कर, हे वाक्य टाइप करा,’ असं यंत्राने बजावलं. त्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉप घालवला, तोही लाखो प्रेक्षकांसमोर. चूक त्या आवृत्तीतल्या पॅकेजची होती, पण सल्लागार जमात आजही वाचलं नाही म्हणून त्यालाच दोष देते. ज्याचा धंदाच संगणक दाखवण्याचा त्याची ही गत, तर काकांच्या नातवाने काय घोडं मारलंय?

नियम तिसरा : दूरध्वनीवरून आज्ञा सांगताना गावांची मदत घ्यावी.

फोनवर बी, डी, पी, टी, ई सगळे सारखेच ऐकू येतात. ब्राव्हो, डेल्टा वगैरे विमानवाल्यांना ठीक आहे. आपल्याकडे गावं आहेत. डिस्क किती भरली हे बघायची आज्ञा मी काकांना अशी सांगतो : डहाणू, फलटण, स्पेस, आडवी रेघ, हिंगोली. डिस्कचे भाग बघायचे तर लातूर, सांगली, बीड, लातूर, कोल्हापूर. हा मार्ग एसटीच्या कुठल्याही आगारात मिळणार नाही, पण काकांचं एकही अक्षर चुकलं नाही. ‘सुडो’साठी सांगली, उमरगा, डहाणू, आणि ओला पूर्वी उस्मानाबाद होतं, नाव बदलल्यापासून ओरोस वापरतो. आडवी रेघ म्हणजे मधली, खालची नव्हे, हे दर वेळी नव्याने सांगावं. उभी रेघ एंटरच्या डोक्यावर असते हेही.

‘सुडो’नंतरचा संवाद तर सल्लागाराला झोपेत पाठ हवा.

"पासवर्ड मागतोय. मी टाइप करतोय, पण उमटतच नाहीये. कीबोर्ड गेला वाटतं."

"गेला नाही काका. उमटत नाही, पण आत जातोय. पुरा टाइप करा आणि एंटर मारा."

"न बघता?"

"न बघता."

"बँकेत निदान चांदण्या तरी दिसायच्या."

काकांचं चूक नाही. किती अक्षरं हे मागे उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून चांदण्या दाखवायच्या नाहीत, असा हा जुना रिवाज. मिंटवाल्यांनी तो मोडला, तिथे चांदण्या दिसतात. मित्राच्या मते इथूनच ऱ्हासाला सुरुवात झाली.

क्यूचं काय करायचं हे मात्र सुटलेलं नाही. क्यूने सुरू होणारं गाव महाराष्ट्रात मला तरी सापडलेलं नाही, आणि ‘व्हीआय’ नावाच्या एडिटरमधून बाहेर पडायला नेमकं तेच अक्षर लागतं : एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. त्यापेक्षा ‘नॅनो’ वापरायला सांगावं. त्यात बाहेर पडायची कळ खालच्या बाजूला लिहिलेली असते. म्हणूनच की काय, मित्र त्याला एडिटर मानत नाही.

आणि हो, डहाणू-फलटणचं उत्तर शंभर टक्के आलं तर पुढे शोधायची गरज बहुधा पडत नाही. पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा पासवर्डच्याच पानावर येणं, अपडेट अर्ध्यात अडकणं, या साऱ्याच्या मागे गच्च भरलेली डिस्क निघू शकते. ‘बूट’चा भाग वेगळा असेल तर तिथे जुने कर्नल साठतात, ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ ते झाडून काढतं. जुने लॉगही बरीच जागा खातात.

नियम चौथा : साडेपाच तासांचा घोळ दिसल्यास घाबरू नये, हसूही नये.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स नांदवणाऱ्या घरात हा प्रसंग येतोच. लिनक्समधून उठून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरी गेली म्हणून लोक दुकानात जातात, दुकानदार बॅटरी बदलूनही देतो. बॅटरीचा काही संबंध नसतो. यंत्राच्या पोटातल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळातली वेळ इथलीच आहे असं धरून चालतं. दोघेही प्रामाणिक, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. ‘टाइमडेटसीटीएल’ला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं, मात्र त्यानंतर तीच आज्ञा नुसती दिली तरी लिनक्स खाली नापसंतीची सूचना छापतं. दोन घड्याळांचा संसार आपल्याला नवा नाही म्हणा. मुंबईने स्वतःची वेळ, भारतीय प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

नियम पाचवा : वायफाय चालत नसेल तर आधी ‘आरएफकिल लिस्ट’ बघावी, मग लॅपटॉपच्या कडेचे बारीक बटण. क्रम उलटा ठेवला तर काम लवकर होते, पण विद्वत्ता दिसत नाही.

नियम सहावा : प्रिंटरविषयी सल्ला देऊ नये.

आजारी आहे म्हणावं, गावी गेलोय म्हणावं. हा वारसा जुना आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर होता, कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती, म्हणजे कागद अडकला की लोकांना कळलं असतं. मूळ कोड मिळाला नाही. त्या नकाराचा राग त्यांनी धरून ठेवला आणि १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. थोडक्यात, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ ज्या कारणांनी पेटली त्यात एक प्रिंटर आहे. चाळीसहून अधिक वर्षं झाली. कर्नल मंगळावर उडालेल्या हेलिकॉप्टरमध्ये पोचला. काकांचं वार्षिक सभेचं इतिवृत्त अजून पहिल्या मजल्यावरच्या मुलीच्या विंडोजवरूनच छापलं जातं.

कोणी नवा प्रिंटर घ्यायच्या आधी विचारलं, तर एवढं सांगायला हरकत नाही : वायफायचा, एअरप्रिंट लिहिलेला घ्या, तो बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय आपोआप सापडतो. स्वस्तातले काही लेझर चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून स्वतःचं फर्मवेअर मागून घेतात, ते टाळा. पण घ्यायच्या आधी कोणी विचारत नाही. घेतल्यावर विचारतात, तेही खोकं फेकून दिल्यावर.

नियम सातवा : फोनने काढलेल्या पडद्याच्या फोटोला नावे ठेवू नयेत.

मित्र ठेवतो. "स्क्रीनशॉट पाठवा" म्हणतो. जो संगणक सुरूच होत नाही त्याचा स्क्रीनशॉट काढायचा कसा, हे तो सांगत नाही. काकांचा फोटो मी जपून ठेवलाय : तिरका, मध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, कोपऱ्यात चहाचा कप आणि मेंटेनन्सच्या पावत्यांचं पुस्तक, आणि नेमकी वरची ओळ कापलेली. लोक शेवटची ओळ पाठवतात, कारण ती सगळ्यात भयंकर असते. खरी भानगड वरच्या, पहिल्या तक्रारीत असते. खालच्या साऱ्या तिच्या लेकी-सुना. म्हणून एवढंच म्हणावं, "काका, जरा वरून काढा."

तो फोटो एका अपडेटनंतरचा, रात्री अकराचा. मित्राने आधी, सवयीने, काकांना अपडेट करण्यावरून झापलं. (आधीच्या महिन्यात अपडेट न करण्यावरून झापलं होतं.) मग जुना कर्नल निवडायला सांगितला : चालू करताना एस्केप, काही यंत्रांवर शिफ्ट, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग यादीतला जुन्या क्रमांकाचा. तोही चढेना. तेव्हा हा माणूस नाइट पॅंटवर खाली उतरला. काकांना वाटलं, आता आर्च. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, त्यावरून लिनक्स चालू केलं, आणि काहीही दुरुस्त करायच्या आधी नातीच्या बारशाचे सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावले. उतरायला दीड वाजला. तोवर तो काकांच्या दिवाणावर बसून काकूंनी दिलेला चिवडा खात होता आणि सिस्टमडीने युनिक्सचा आत्मा कसा मारला हे काकूंना समजावत होता. त्याही ऐकत होत्या. फोटो उतरल्यावरच त्याने कर्नलला हात लावला. आमच्या बिल्डिंगमध्ये पैसे घेऊन येणारा कोणी असं करत नाही. पहिलं वाक्य असतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

नियम आठवा : जुन्या मराठी फाइलींचा दोष लिनक्सवर घेऊ नये.

सोसायटीची जुनी पत्रं लिब्रेऑफिसमध्ये उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो, आणि सगळे सल्लागाराकडे बघतात. ती पत्रं युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असतात. आत रोमनच साठवलेलं असतं, वर फक्त मराठी चित्रं चढवलेली. ज्या यंत्रावर तो फाँट नाही तिथे चित्रं गळतात, विंडोजवरही गळतात. कन्व्हर्टरने एकदा युनिकोडमध्ये आणावं आणि विषय मिटवावा. रूपांतर झाल्यावर ‘सर्व सभासदांच्या’मधला रफार आणि ‘तऱ्हा’मधला र तेवढा डोळ्यांनी तपासावा, गडबड बहुधा तिथे होते. युनिकोडमध्येही ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर फाँट मराठी रूपं जाणणारा नाही किंवा मजकुराची भाषा मराठी ठरवलेली नाही, एवढाच अर्थ. काकांनी हे एकदा ऐकलं, वहीत लिहून घेतलं आणि दोन वर्षांची इतिवृत्तं स्वतः बदलून टाकली. मित्राला अजून इन्स्क्रिप्ट येत नाही. तो मराठीत ‘ओके’ एवढंच लिहितो, तेही रोमनमध्ये.

नियम नववा : एक पेनड्राइव्ह कायम तयार ठेवावा.

आठ जीबीचा पुरतो. त्यावर एखादी दीर्घकाळ आधार मिळणारी उबुंटूची आवृत्ती चढवावी. ती दर दोन वर्षांनी, सम सालच्या एप्रिलमध्ये येते. वर्षातून एकदा चालतो का ते बघावं. खरा धोका घरातल्यांपासून असतो. लग्नाचा व्हिडिओ, नाहीतर शाळेचा प्रोजेक्ट टाकायला ‘रिकामा’ म्हणून नेमका तोच उचलला जातो. ‘हात लावू नये’ असं लिहून पाहिलं, त्याने कुतूहल वाढतं. मित्राने शेवटी काकांकडची छापील चिठ्ठी त्यावर चिकटवली : ‘सोसायटी ऑडिट २०१७-१८, मूळ प्रत’. तेव्हापासून तो दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उघडा पडलेला असतो, कोणी उचलत नाही.